वडिलांच्या पांढऱ्या पेशी ८४,००० : जंतुसंसर्ग की रक्ताचा कर्करोग?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वडील ५२ वर्षांचे असून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी शेती करतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तपासणीत त्यांच्या पांढऱ्या पेशींची संख्या प्रति घन मिलिमीटर ८४,००० निघाली आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग असेल असे समजून त्यांना प्रतिजैविके देण्यात आली. परंतु गोळ्या संपल्यानंतर पुन्हा रक्त तपासले तेव्हा आकडा उतरला नव्हता, उलट किंचित चढलाच होता. त्यांना ताप नाही, खोकला नाही, लघवीचा त्रास नाही. मात्र खोदून विचारल्यावर त्यांनी सांगितले की गेले काही महिने डाव्या बरगडीखाली जड वाटते, अर्धी भाकरी खाल्ली तरी पोट भरल्यासारखे होते, आणि पूर्वीसारखे काम झेपत नाही. वजनही उतरले आहे.

अहवालातील इतर नोंदी अशा आहेत: हिमोग्लोबिन १०.८, प्लेटलेट ५ लाख २० हजार. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल ५२ टक्के, मेटामायलोसाइट १२, मायलोसाइट १६, प्रोमायलोसाइट २, ब्लास्ट २, लिम्फोसाइट ६, मोनोसाइट २, इओसिनोफिल ३ आणि बेसोफिल ५ टक्के. लिम्फोसाइटच्या पुढे ‘कमी’ अशी खूण आहे, त्यामुळे प्रतिकारशक्ती घटली आहे की काय, अशीही शंका येते.

पुण्यातील रक्तविकारतज्ज्ञांनी आता बीसीआर-एबीएल ही तपासणी आणि बोन मॅरोची तपासणी सांगितली आहे. त्यांच्या बोलण्यात सीएमएल (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) हे नाव आले. घरी कुणी ‘ब्लड कॅन्सर’ म्हणून रडते आहे, तर कुणी रक्तशुद्धीचा काढा सुरू करा म्हणून आग्रह धरते आहे. एवढी संख्या केवळ जंतुसंसर्गाने वाढू शकते का? रक्ताच्या तपासणीतून निदान होणार असेल, तर बोन मॅरोची सुई कशासाठी? आजार तोच निघाला, तर उपचार आमच्या आवाक्यातले असतील का? आणि हा आजार आम्हा भावंडांना होण्याची शक्यता आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण आणि त्याच्या रक्ताची काच (स्लाइड) प्रत्यक्ष न पाहता कोणीही निदान करू नये आणि मीही ते करणार नाही. परंतु अहवाल कसा वाचायचा हे नक्की सांगता येईल. आपण टक्केवारी पूर्ण दिली हे फार चांगले केले, कारण ८४,००० या आकड्यापेक्षा त्याखालच्या त्या ओळीच अधिक बोलक्या आहेत.

निरोगी प्रौढ माणसात पांढऱ्या पेशी साधारणतः ४,००० ते ११,००० असतात आणि त्या पाच प्रकारच्या असतात: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. न्यूट्रोफिल अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये, टप्प्याटप्प्याने पक्व होतात. ब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट असा त्यांचा क्रम असतो आणि पूर्ण पक्व झाल्यावरच त्या रक्तात येतात. रक्तातील त्यांचे आयुष्य जेमतेम काही तासांचे असते, त्यामुळे मज्जेला दररोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल नव्याने तयार करावे लागतात. मधल्या टप्प्यांतील पेशी निरोगी माणसाच्या रक्तात सहसा दिसत नाहीत. आपल्या वडिलांच्या रक्तात मात्र त्या सगळ्याच टप्प्यांतल्या दिसत आहेत.

हे जंतुसंसर्गातही घडू शकते. तीव्र न्यूमोनिया, पोटातील गळू, शरीरभर पसरलेला संसर्ग, काही वेळा क्षयरोग अशा स्थितीत मज्जेवर ताण येऊन अपक्व पेशी रक्तात उतरतात, आणि संख्या ५०,००० च्या वर गेली तर त्याला आम्ही ल्युकेमॉइड प्रतिक्रिया म्हणतो. म्हणून पहिल्या डॉक्टरांनी संसर्गाचा विचार केला, यात गैर काही नाही. पण तशी प्रतिक्रिया ज्या रुग्णात येते तो बहुधा तापाने फणफणलेला आणि उघडपणे आजारी असतो. त्याच्या न्यूट्रोफिलमध्ये काळपट, ठळक कण दिसतात, ज्यांना टॉक्सिक ग्रॅन्युल म्हणतात, आणि त्याचे बेसोफिल वाढलेले नसतात.

माझी नजर आपल्या अहवालात सर्वप्रथम गेली ती बेसोफिलवर. ५ टक्के हा आकडा लहान दिसतो, पण ८४,००० चे ५ टक्के म्हणजे ४,२०० बेसोफिल होतात. निरोगी माणसात ते २०० च्याही आत असतात. जंतुसंसर्गामुळे बेसोफिल असे वाढत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे मायलोसाइट १६ टक्के आणि त्यांच्या पुढच्या टप्प्यातील मेटामायलोसाइट १२ टक्के आहेत. संसर्गामध्ये पेशी जितकी पक्व तितकी तिची संख्या अधिक, असा चढता क्रम सहसा टिकून राहतो. येथे मायलोसाइटच्या टप्प्यावर फुगवटा आलेला आहे. वाढलेले बेसोफिल, हा फुगवटा, चढलेले प्लेटलेट आणि डाव्या बरगडीखालचे जडपण, जे बहुधा प्लीहा (पोटात डावीकडे असलेला, रक्त गाळणारा अवयव) वाढल्यामुळे असावे, हे सारे एकत्र पाहता आपल्या तज्ज्ञांनी सीएमएलचा, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, संशय घेणे अगदी रास्त आहे.

लिम्फोसाइटच्या ‘कमी’ या खुणेची काळजी करू नये. ८४,००० चे ६ टक्के म्हणजे ५,०४० लिम्फोसाइट होतात आणि ही संख्या कमी तर नाहीच, थोडी अधिकच आहे. टक्केवारी आणि प्रत्यक्ष संख्या यांतील हा फरक लक्षात न घेतल्याने अनेक घरांत उगाच घबराट पसरते. माझ्या मते प्रत्येक प्रयोगशाळेने अहवालात प्रत्यक्ष संख्या ठळकपणे छापायला हवी.

आणखी एक विनंती आहे. पेशीमोजणीचे यंत्र अपक्व पेशींच्या बाबतीत गोंधळते, म्हणून ही टक्केवारी काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून, लेशमन रंगाने रंगवून, डॉक्टरांनी स्वतः पाहून दिलेली आहे ना, याची खात्री करून घ्यावी. ‘पेरिफेरल स्मिअर’ असा स्वतंत्र परिच्छेद अहवालात असेल तर तो रक्तविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावा, आणि ती काच जपून ठेवण्यास प्रयोगशाळेला सांगावे.

आपल्याला पडलेला पहिला प्रश्न वैद्यकशास्त्रालाही पडलेला होता. १८४५ साली एडिंबरोमध्ये जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, प्रचंड वाढलेली प्लीहा आणि पांढरट झालेले रक्त असलेल्या मृत रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. रक्तात पू झाला आहे, असे बेनेट यांना वाटले. फिरखो यांचे म्हणणे असे की शरीरात कुठेही दाह नसताना पू येणार कोठून. हा पांढऱ्या पेशींचाच वेगळा आजार आहे. पुढे फिरखो यांचे म्हणणे खरे ठरले.

नवखा

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. गेल्या पंधरवड्यात मला तीन-चार दिवस ताप येऊन गेला आणि त्या वेळी पांढऱ्या पेशी ३,२०० होत्या. कमी पेशी म्हणजेही रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते का?

सूक्ष्मदर्शक

विषाणूजन्य तापात, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर विशेषतः डेंग्यूत, पांढऱ्या पेशी तात्पुरत्या खाली येणे ही नेहमीची बाब आहे. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सीबीसी करावी. बहुतेकांची संख्या तोवर पूर्ववत झालेली असते. तरीही ती कमीच राहिली, किंवा सोबत हिमोग्लोबिन व प्लेटलेटही उतरलेले असतील, तर रक्तविकारतज्ज्ञांना भेटावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही औषधे हीदेखील कारणे असतात. थायरॉइडची क्रिया वाढल्यास दिल्या जाणाऱ्या कार्बिमाझोल या गोळ्या आपण घेत असाल, तर मात्र थांबू नये. त्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला ताप व घसादुखी झाली, तर त्याच दिवशी न्यूट्रोफिलची संख्या तपासावी लागते, कारण क्वचित प्रसंगी ती ५०० च्याही खाली जाते आणि मग साधा संसर्गही जीवघेणा ठरू शकतो.

प्राजक्त

मी रक्तविकारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. सूक्ष्मदर्शक यांनी अहवालाचे जे विवेचन केले त्याच्याशी मी पूर्णतः सहमत आहे. कृष्णाकाठ यांच्या उरलेल्या प्रश्नांकडे वळते.

बीसीआर-एबीएल तपासणी काय शोधते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक अनपेक्षितपणे लहान झालेले गुणसूत्र आढळले. ते आज फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणून ओळखले जाते. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी दाखवून दिले की तो तुकडा हरवलेला नसतो, तर ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे परस्परांत बदललेले असतात. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके एकमेकांना चिकटतात आणि त्यांतून एक असे प्रथिन तयार होते, जे मज्जेतील मूळपेशीला विभाजनाचा आदेश अखंड देत राहते. विहिरीवरचा पंप चालू आहे आणि बंद करण्याचे बटणच निकामी झाले आहे, अशी ती स्थिती असते. इमॅटिनिब हे औषध नेमके त्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचे काम थांबवते. कर्करोगाच्या मुळाशी असलेला रेणू ओळखून त्यावरच बेतलेले हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्यापूर्वी बसल्फान, हायड्रॉक्सियुरिया, इंटरफेरॉन आणि ज्यांना शक्य असेल त्यांना मज्जारोपण, एवढेच आमच्या हातात होते, आणि औषधांनी आकडा खाली आणला तरी बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नव्याने निदान झालेल्या रुग्णांना इमॅटिनिब दिले गेले, त्या गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण १० वर्षांनंतर हयात होते. घरात ‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा डोळ्यांसमोर येणारे चित्र बहुधा अतितीव्र ल्युकेमियाचे असते. सीएमएल हा त्यापेक्षा फार निराळा आजार आहे, हे घरातील प्रत्येकाला शांतपणे सांगावे.

बीसीआर-एबीएलसाठी हातातून काढलेले रक्त पुरते. बोन मॅरोची तपासणी वेगळ्या कारणासाठी असते. आजार कोणत्या टप्प्यात आहे, मज्जेत ब्लास्ट किती आहेत, तंतू वाढले आहेत का, आणि फिलाडेल्फिया गुणसूत्राखेरीज आणखी काही गुणसूत्रीय बिघाड आहेत का, हे त्यातून समजते. वडिलांच्या रक्तात ब्लास्ट २ टक्के आहेत, जे आजाराच्या सुरुवातीच्या, म्हणजे क्रॉनिक टप्प्याशी जुळते. तरी मज्जा पाहिल्याशिवाय ते ठरवू नये. कमरेच्या हाडाची जागा बधिर करून ही तपासणी करतात, ती थोडी दुखते, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

एक गोष्ट अगदी आवर्जून सांगते, कारण ती नंतर भरून काढता येत नाही. उपचाराची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी प्लीहा बरगडीच्या कडेखाली किती सेंटिमीटर आली आहे, हे डॉक्टरांनी हाताने तपासून कागदावर लिहिलेले असावे. रुग्णाचे वय, प्लीहेचे माप, प्लेटलेट आणि ब्लास्ट या चार गोष्टींवरून सोकल स्कोअर काढतात आणि त्यावरून आजाराची जोखीम ठरते. एकदा औषध सुरू झाले की प्लीहा आक्रसू लागते आणि हा हिशेब कायमचा चुकतो. प्लीहा वाढलेली असताना पोट चोळून किंवा दाबून घेऊ नये, कारण ती फाटण्याचा धोका असतो. आपल्याकडे पोटदुखीवर हा उपाय सर्रास केला जातो म्हणून मुद्दाम लिहिते. दृष्टी धूसर होणे, धाप लागणे, गुंगी येणे, किंवा पुरुषांत लिंगाचा ताठरपणा तासन्‌तास न उतरणे, अशी लक्षणे दिसल्यास तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एरवी काही दिवसांत अहवाल येईपर्यंत थांबण्याने नुकसान होत नाही. या काळात संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी तज्ज्ञ हायड्रॉक्सियुरिया देऊ शकतात, आणि युरिक अॅसिड वाढू नये म्हणून भरपूर पाणी पिण्यास सांगतात.

काढा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सीएमएल हा रक्तात काही अशुद्ध साचल्याने होणारा आजार नाही. इमॅटिनिब यकृतातून शरीराबाहेर पडते. घटक ठाऊक नसलेले मिश्रण सोबत चालू असेल, तर यकृताच्या तपासणीत बिघाड दिसल्यावर तो कशामुळे झाला, हेच कळेनासे होते.

आपल्या भावंडांना तपासणीची गरज नाही. ही अदलाबदल जन्मानंतर एका मूळपेशीत घडते, ती आईवडिलांकडून मुलांकडे जात नाही. मोठ्या प्रमाणातील किरणोत्सर्ग हे तिचे सिद्ध झालेले कारण आहे आणि हिरोशिमा व नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये हा आजार वाढलेला आढळला. परंतु बहुतेक रुग्णांत असे कोणतेही कारण सापडत नाही. शेतावरच्या कुठल्या कामामुळे किंवा खाण्यापिण्यामुळे हे झाले, असा दोष वडिलांनी स्वतःला देऊ नये.

चंद्रभागा

मी स्वतः सीएमएलचा रुग्ण आहे आणि अनेक वर्षे इमॅटिनिब घेत नोकरी व संसार नीट सांभाळतो आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या बाबी पुन्हा लिहीत नाही. घरी उपयोगी पडतील त्या सांगतो.

खर्चाबद्दल आधी. हे औषध नव्याने आले तेव्हा मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत. त्यावरील पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची मागणी फेटाळली. ज्ञात औषधाचे केवळ नवे स्फटिकरूप, परिणामकारकतेत भर पडल्याचे सिद्ध न करता, पेटंटला पात्र ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या जनरिक गोळ्या बाजारात टिकल्या आणि त्यांची किंमत मूळ किमतीच्या छोट्याशा अंशावर राहिली. मी आज उभा आहे तो त्या निकालामुळे, असे मी मानतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील अनेक उपचार येतात. रेशनकार्ड आणि निदानाचे कागद घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे, तेथेही अशा अर्जांसाठी मदत मिळते. गोळी आयुष्यभराची असू शकते, म्हणून पैशांची सोय पहिल्या महिन्यापुरती न पाहता पुढच्या अनेक वर्षांची पाहा.

गोळी दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. उपवासाच्या दिवशीही ती रिकाम्या पोटी घेऊ नये. सुरुवातीला सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत वात येतो, कधी जुलाब होतात. हे डॉक्टरांना सांगितले की त्यावर उपाय मिळतात, त्यासाठी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळावे, कारण त्या जातीच्या फळांनी औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी इमॅटिनिब चालू असल्याचे आधी सांगा. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिटवरचे फेनिटॉइन या औषधांनी इमॅटिनिबचा परिणाम कमी होतो.

आणि नियमितपणा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या प्रत्यक्ष घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर दबण्याची शक्यता ६ वर्षांत सुमारे ९४ टक्के निघाली, आणि ज्यांनी त्याहून कमी घेतल्या त्यांच्यात ती केवळ २८ टक्के होती. ९० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणे. शेतकऱ्याच्या घरी सुगीत, लग्नात, वारीत तीन गोळ्या कशा चुकतात ते मी जाणतो. आपले वडील वारीला जात असतील तर अवश्य जाऊ द्या, पण गोळ्यांची पाकिटे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि दिंडीतल्या एका माणसाला त्याची कल्पना देऊन ठेवा.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. अहवाल आले. बीसीआर-एबीएल आढळले असून मज्जेच्या तपासणीनुसार आजार क्रॉनिक टप्प्यात आहे. प्लीहा बरगडीखाली ६ सेंटिमीटर होती आणि तशी नोंद औषधापूर्वीच करून घेतली. काढ्याचा विषय घरात आता मिटला आहे. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम रोज एक, असे सुरू झाले आणि काही आठवड्यांतच पांढऱ्या पेशी ७,२०० वर आल्या. वडिलांची भूक परतली आहे, पोटातले जडपण कमी झाले आहे. आता ते म्हणतात की रक्त सुधारले, तर गोळी दिवसाआड घेतली तरी चालेल, तेवढीच बचत होईल. शिवाय पेशी आणखी उतरल्या तर काय, अशीही भीती त्यांना वाटते. त्यांना काय सांगू?

प्राजक्त

वडिलांना सांगावे की ७,२०० ही पहिली पायरी आहे आणि ती फार चांगली पार पडली आहे. निदानाच्या वेळी शरीरात या आजाराच्या पेशी एक लाख कोटींच्या आसपास असू शकतात. सीबीसी पूर्ण सामान्य दिसू लागते तेव्हाही त्यांतल्या कोट्यवधी शिल्लक असतात. त्या साध्या मोजणीत दिसत नाहीत, केवळ पीसीआरने, म्हणजे बीसीआर-एबीएल मोजणाऱ्या अतिसूक्ष्म तपासणीने, दिसतात. म्हणूनच यापुढे आजाराचे माप पांढऱ्या पेशींच्या संख्येवर ठरणार नाही. बीसीआर-एबीएलची आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवरील टक्केवारी ३ महिन्यांनी १० टक्के किंवा त्याहून कमी, ६ महिन्यांनी १ टक्का किंवा कमी, आणि १२ महिन्यांनी ०.१ टक्का किंवा कमी असावी, अशी अपेक्षा असते. दिवसाआड गोळी घेतल्यास औषधाची रक्तातील पातळी अपुरी राहते, आणि अशा अपुऱ्या माऱ्यातून औषधाला न जुमानणाऱ्या पेशींना वाढण्याची संधी मिळते. मग डॅसॅटिनिब किंवा निलोटिनिबसारख्या औषधांकडे जावे लागते. दिवसाआड गोळी घेऊन वाचणारे पैसे त्या वेळी कुठल्या कुठे जातील.

गोळी कायमची थांबवण्याचा विचार काही रुग्णांत करता येतो. फ्रान्समधील एका अभ्यासात, दीर्घकाळ इमॅटिनिब घेऊन किमान दोन वर्षे पीसीआरमध्ये आजार अजिबात न सापडलेल्या रुग्णांनी औषध थांबवले, तेव्हा त्यांतील ४० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत आजार परतला नाही. उरलेल्यांत तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच परतला आणि बहुतेकांत औषध पुन्हा सुरू केल्यावर दबला. परंतु हा निर्णय कित्येक वर्षांनंतरचा आहे आणि तो वारंवार पीसीआर करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो.

पेशी उतरण्याची त्यांची शंका योग्य आहे. पहिल्या काही महिन्यांत, मज्जेतील निरोगी पेशींनी पुन्हा जोर धरेपर्यंत, संख्या गरजेपेक्षा खाली जाऊ शकते; म्हणूनच सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी सीबीसी सांगितली जाते. न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेले, तर तज्ज्ञ स्वतःच गोळी काही दिवस थांबवतात आणि पेशी सावरल्या की पुन्हा सुरू करतात. मधल्या काळात १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास ताप आला, तर घरी औषध देत बसू नये, त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना कळवावे.

हर्नियाची शस्त्रक्रिया पेशी स्थिर झाल्यावर करता येईल. तारीख रक्तविकारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी मिळून ठरवावी. तिसऱ्या महिन्याची पीसीआर आताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, अहवाल आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर देणाऱ्या प्रयोगशाळेतूनच ती करावी, आणि पुढच्या सर्व तपासण्याही त्याच प्रयोगशाळेत कराव्यात, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.